मशीन जपणे

"काल मिस्त्री आले होते ना," ग्रीसचा डबा कागदात गुंडाळता गुंडाळता दुकानदार शेठ म्हणाला, "मशीनचा पट्टा घेऊन गेले. पोरगी होती संगं, चारएक वर्षांची. अगदी बापावर गेली पाहा. तुमच्यावर काहीच नाही."

सोजरा म्हणाली, "हाव."

तिनं डबा घेतला, पिशवीत ठेवला आणि ती दुकानाच्या तीन पायऱ्या उतरली. उतरल्यावर तिला वाटलं, आपण पायऱ्या उतरलोच नाही, अजून वरच उभ्या आहोत आणि खाली कोणी दुसरीच बाई पिशवी घेऊन चालली आहे. भादव्याचं ऊन पडलं होतं. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि रस्त्यातल्या डबक्यांची वाफ वर येत होती. तेलगिरणीकडून सरकीच्या ढेपेचा कोंदट गोड वास येत होता. आपण 'हाव' का म्हणालो, हे तिला कळेना. नाही म्हणता आलं असतं. कोण पोरगी, असं विचारता आलं असतं. पण शेठ इतक्या सहज बोलला होता, की त्याच सहजपणानं तिच्या तोंडून ते निघून गेलं, आणि त्या क्षणापुरती ती एका चार वर्षांच्या मुलीची आई होऊन बसली. ती मुलगी काल या खामगावात होती. तिचा बाप काल या खामगावात होता. काल दुपारी सोजरा घरीच होती. भाजीबाजारातून अकराला परत आली आणि मग दिवसभर कुठंच गेली नाही. दुकानापासून घर चालत दहा मिनिटं. दहा मिनिटांची वाट तो माणूस चालला नव्हता.

तिचा नवरा इंद्रभान घरून कामाला गेला त्याला येत्या दिवाळीनंतर सहा वर्षं होणार होती. एकसष्ट साली नागपूरला सरकारी कचेऱ्यांची मोठी कामं निघाली, टेबलं, कपाटं, दारं, आणि तिथल्या एका ठेकेदारानं त्याला बोलावलं. सहा महिन्यांचं काम आहे, असं तो म्हणाला होता. ठेकेदाराकडे स्वतःची मशिनं होती, म्हणून आपलं रंध्याचं मशीन त्यानं इथंच ठेवलं. अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं, बिडाच्या चार पायांचं, वर कमरेएवढ्या उंचीवर आरशासारखा सपाट लोखंडी पाट, आणि पाटाच्या मधोमध फिरणारा रूळ, त्यात दोन पाती. ओबडधोबड फळी एका बाजूनं आत ढकलायची, ती दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत होऊन निघायची. त्या दुसऱ्या बाजूला सोजरा उभी राहत असे. लग्न होऊन ती साखरखेर्ड्याहून आली तेव्हा तिला विळा आणि खुरपं सोडलं तर दुसरं हत्यार माहीत नव्हतं. माळ्याची पोर, वांग्या-मिरचीच्या वाफ्यांत वाढलेली. इंद्रभानही माळ्याचाच, पण त्याला शेत कधी आवडलं नाही. तो लहानपणीच लाकडाच्या वखारीत शिरला तो शिरलाच. त्यानं तिला मशीनच्या पलीकडे उभं केलं आणि म्हणाला, "ओढू नको. नुसती धर. फळी तिच्या मनानं येईन." मग पट्टा सुरू झाला, घरभर असा आवाज भरला की बोलणंच शक्य नव्हतं, आणि त्या आवाजात फळीचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या हातात. फळीतून येणारी थरथर तिच्या कोपरापर्यंत चढायची. सागाचे पातळ छिलके उडून तिच्या केसांत बसायचे. संध्याकाळी मशीन बंद झालं की कानांत एक पोकळी राहायची, आणि त्या पोकळीत तो हसून तिच्या केसांतले छिलके वेचायचा. तेवढी चार वर्षं. त्या चार वर्षांत त्यांना मूल झालं नाही, पण त्याचं फारसं कुणी काही काढलं नाही, कारण घरात काम होतं आणि काम करणारी दोन माणसं होती.

रेल्वेच्या फाटकाजवळ तिला थांबावं लागलं. जलंबहून येणारी गाडी हळूहळू आत शिरत होती. काल तो याच गाडीनं आला असेल. खिडकीशी पोरगी बसली असेल. सोजराला त्या पोरीचा चेहरा दिसेना. बापावर गेली म्हणजे रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, आणि हनुवटीवर मधोमध बोट टेकवल्यासारखी खळी. ती खळी एका लहान तोंडावर कशी दिसत असेल, हे तिला पाहावंसं वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला इतका राग आला की फाटक उघडलं तरी ती तशीच उभी राहिली. मागचा बैलगाडीवाला ओरडला, "ओ बाई, चालता का?"

घर म्हणजे तानाबाईच्या आवारातल्या दोन खोल्या. मागची चुलीची, पुढची मशीनची. तानाबाई घरमालकीण, विधवा, जिभेनं तिखट. सहा वर्षांत तिनं सोजराला शंभरदा सांगितलं असेल की हे धूड काढ आणि खोली मोकळी कर, आणि एकदाही घर सोडायला सांगितलं नव्हतं. सोजरानं कुलूप काढलं. आत सगळं जसंच्या तसं होतं. मशीनच्या पायांखाली सागाचे ठोकळे, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये. वर जुन्या लुगड्यांचं दुपदरी पांघरूण. पायांमध्ये मातीच्या परळात कळीचा चुना. तो हवेतली ओल पितो, आणि पिऊन पिऊन फुटून त्याचं पीठ झालं की बदलायचा. पट्टा काढून खुंटीला टांगलेला. पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. आज पंधरवड्याची पाळी होती. जुनं ग्रीस पुसायचं, पाट पाहायचा, नवं लावायचं, रूळ हातानं चार वेळा फिरवायचा, म्हणजे बेरिंग एका जागी बसून राहत नाही. या सगळ्या गोष्टी तिला कुणी एका दिवसात शिकवल्या नव्हत्या.

आधी त्याची कार्डं यायची. महिन्याला एक, कधी दोन. अक्षर मोठं, ओळी तिरक्या. 'सौ. सोजरास आशीर्वाद. मशीन जपणे. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तेल लावणे. पाती उघडी न ठेवणे. बाकी ठीक.' ती चौथी शिकली होती. कार्ड ती स्वतः वाचायची, दारात बसून, हळूहळू, बोट फिरवत. मशीन जपणे. तिला ते वाक्य फार आवडायचं. माणूस दूर गेला की घरच्यांना जपा म्हणून लिहितो, आणि हा मशीन जपणे लिहितो, म्हणजे हा परत येणार. ज्याला परत यायचं नाही तो लोखंडाची चौकशी कशाला करील? तिनं आधी घरातलंच सरकीचं तेल लावलं, चांगलं हात भरून. दोन महिन्यांत त्याचा डिंक झाला, त्यावर धूळ बसली आणि धुळीखाली लालसर ठिपके उठले. ती घाबरून भाऊरावांकडे गेली. भाऊराव म्हणजे पलीकडच्या आळीतले, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, पिकल्या मिशांचे. ते आले, चष्मा वर करून पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, खायचं तेल लोखंडाले नाई चालत. ते सडते. याले घासलेटनं धू, अन् ग्रीस लाव. अन् हे ताडपत्रीचं झाकण काढून टाक. ताडपत्रीले आतून घाम सुटते." त्या दिवसापासून ते महिन्यातून एकदा जिनिंगमधला सुताचा गुंता पुसायला आणून द्यायचे, दारातच उभं राहून, आणि रूळ फिरवताना कान लावून आवाज ऐकायचे.

पाटावरच्या बोटांच्या खुणांचा उलगडाही त्यांनीच केला होता. इंद्रभान गेला त्या सकाळी ट्रंक खाली ठेवून त्यानं मशीनच्या पाटावर हात टेकला होता, सहज, निघताना माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तसा. चार दिवसांनी तिला पाटावर तपकिरी खुणा दिसल्या. चार बोटं आणि अंगठा. अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. पुढं घासलेटनं पाट धुतल्यावर भाऊराव त्या पाहून म्हणाले, "हा घाम हाये. घामात मीठ असते. उघड्या हातानं लोखंडाले हात लावला की ते मीठ तिथंच राह्यते अन् लोखंड खात बसते. हे काढून टाक, नाई तं खड्डा पडन." त्यांनी बारीक पॉलिश कागद दिला. तिनं कागद ठेवून दिला. पंधरा दिवस ती त्या खुणांवर रोज आपली बोटं ठेवून पाहत होती, खुणांना न लागता, वरच्या वर. मग कार्ड आलं, मशीन जपणे, आणि तिनं बसून ती पाचही बोटं घासून काढली. अंगठ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चौसष्टच्या उन्हाळ्यानंतर कार्डं बंद झाली. पत्ता बदलला असेल, काम वाढलं असेल, पोस्टात हरवत असतील. तिचा थोरला भाऊ उकंडराव साखरखेर्ड्याहून येऊन बसला. "विकून टाक हे लोखंड अन् चाल घरी. तुले काऊन इथं कुजत पडायचं हाये?" ती म्हणाली, "ते येतीन तवा मशीन लागंन ना." उकंडराव तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग पायात जोडे घालून निघून गेला. तो पुन्हा आला नाही. त्याच श्रावणात ती एकदा निघालीही होती. शेवटच्या कार्डावरचा पत्ता पदराला बांधून ती जलंबपर्यंत गेली. तिथं नागपूरची गाडी यायला तीन तास होते. ती फलाटावर पिंपळाच्या पाराला टेकून बसली. आभाळ भरून आलं, वारं ओलं झालं, आणि तिला एकदम आठवलं की परळातला चुना बदलायचा राहिला आहे. नागपूरची गाडी आली, दोन मिनिटं थांबली, समोरच्या डब्यातल्या एका बाईनं सरकून जागासुद्धा केली. सोजरा उठली नाही. गाडी गेल्यावर ती उलट्या गाडीनं खामगावला आली, भिजत चुनाभट्टीवर गेली, चुना आणला आणि बदलला. चुना खरंच फुटून गेला होता. त्यामुळे आपण कशासाठी परत आलो, हा प्रश्न तेव्हा तिनं स्वतःला विचारलाच नाही. आज विचारला. नागपूरला गेलो तर त्याचा दुसरा संसार दिसेल, हे फलाटावरच तिच्या मनात आलं होतं. तिला माहीत होतं. चुन्याच्या आड उभं राहून ती तीन वर्षं ते माहीत असणं चुकवत आली होती.

दुपार झाली. पट्टा नेला म्हणजे तो मशीनसाठी येणार, असं तिला वाटत होतं, पण तो आला नाही. जिनिंगचा भोंगा झाला. तिनं पांघरूण काढलं आणि घासलेटच्या फडक्यानं जुनं ग्रीस पुसायला घेतलं. खालून पाट निघाला, पांढरा, गार, डोळे दिपतील असा. त्यात तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती एक काळी हालचाल दिसत होती. सहा वर्षांत हे लोखंड तसूभर म्हातारं झालं नव्हतं. ती मागच्या खोलीत गेली. लोट्यात पाणी घेतलं. मिठाच्या बरणीत हात घातला आणि एक मूठ मीठ पाण्यात सोडलं, मग आणखी एक. बोटानं ढवळलं. हे सगळं तिनं अगदी शांतपणे केलं, वरणात मीठ घालावं तसं. जपायचं कसं हे ज्याला कळतं त्याला नासवायचं कसं हेही कळतं. हे पाणी पाटावर ओतायचं, रुळाच्या फटीत, बेरिंगात, आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. उद्या सकाळपर्यंत लाल. चार दिवसांत खपल्या. येऊ दे त्याला नवा पट्टा घेऊन. लोटा घेऊन ती मशीनपाशी उभी राहिली. घामानं तिचं अंग भिजलं होतं. लोटा तिरपा केला तेव्हा तिच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब टपकन् पाटावर पडला. आणि तिचा डावा हात, तिला न विचारता, फडकं घेऊन पुढं झाला. थेंब टिपला. कोरड्या फडक्यानं एकदा पुसलं, तेलाच्या फडक्यानं एकदा, मग बोटावर ग्रीस घेऊन तेवढ्या जागेवर गोल गोल लावलं. लोटा उजव्या हातात तसाच. ती स्वतःच्या त्या हाताकडे पाहत राहिली. मग ती बाहेर जाऊन मोरीत लोटा ओतून आली आणि उरलेलं ग्रीस लावून तिनं रूळ चार वेळा फिरवला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दारात ट्रक थांबला आणि कुणीतरी खाकरलं. त्या खाकरण्यावरून तिनं ओळखलं, आणि ओळखल्यावर तिला पदर नीट करायलाही सुचलं नाही. तो अंगानं भरला होता. टेरिलिनचा सदरा, कानाजवळ केस पांढरे. त्याच्याबरोबर एक उंच, वाळका माणूस होता, डोक्याला टोपी, कानावर पेन्सिल.

"हे कडूबा मिस्त्री," इंद्रभान म्हणाला. जणू तो तासाभरापूर्वी घरातून बाहेर गेला होता. "चिखलीचे. यायले रंधा पाह्यजे होता."

"या," सोजरा म्हणाली.

पांघरूण तिनंच काढलं. फडकं घेऊन पाट तिनंच पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोघं पुरुष भिंतीशी उभे असताना. कडूबा खाली वाकला. त्यानं पाटावर आडवी नजर टाकली, रूळ फिरवला, डब्यातली पाती उजेडात धरून पाहिली. मग तो सरळ झाला आणि इंद्रभानकडे न पाहता तिच्याकडे पाहून म्हणाला, "सहा वर्स बंद होतं म्हनता? माह्या चालत्या मशीनवर याच्याहून जास्त गंज हाये. कसं ठेवलं, बाई, तुमी हे?"

सहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगायला सुरुवात केली. खायचं तेल लावायचं नाही. ताडपत्री टाकायची नाही, सुती कापड टाकायचं, दुपदरी. चुना कळीचाच घ्यायचा, आणि पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी हातानं दाबून पाहायचा, पीठ लागलं की बदलायचा. पट्टा कधी ताणून ठेवायचा नाही. रूळ फिरवताना कान द्यायचा, करकर आली तर ग्रीस आत गेलेलं नाही. आणि पुसलेल्या पाटाला उघडा हात लावायचा नाही. ती बोलत होती आणि कडूबा मान हलवत होता, एकदा त्यानं कानावरची पेन्सिल काढून बिडीच्या पाकिटावर काहीतरी टिपूनही घेतलं. इंद्रभान तिच्याकडे पाहत होता. असा तो पूर्वी एखाद्या फळीकडे पाहायचा, साधं आडजात म्हणून आणलेलं लाकूड आत रंगदार निघालं की.

"तुले कोनं शिकवलं एवढं?" त्यानं विचारलं.

"तुमीच लिहत होते. पुढचं भाऊरावजीनं."

कडूबा शहाणा माणूस होता. हमाल पाहून आणतो म्हणून तो बाहेर गेला. खोलीत दोघं आणि मध्ये मशीन राहिलं. तो त्याच्या जुन्या बाजूला, ती पलीकडे.

"मले वाटलं, तू साखरखेर्ड्याले गेली असशीन," तो म्हणाला. "मशीन तं भंगारात गेलं असंन, असंच धरून चाललो होतो. म्या ध्यान सोडूनच देल्लं होतं त्याचं. परवा चिखलीले आलो, कडूबाच्या वर्कशॉपचं काम करायले. पट्टा घ्यायले वाटेत खामगावात उतरलो, तं शेठ म्हने, तुमची बाई दर महिन्याले ग्रीस नेते. तवा समजलं."

सोजरा ऐकत होती. म्हणजे मशीनची वाट पाहणारं कुणी नव्हतंच. आपण एवढा चुना, एवढं ग्रीस, एवढे पावसाळे ज्याच्यासाठी म्हणून घातले, त्यानं ते केव्हाच टाकून दिलं होतं. आणि आपण ते टिकवलं म्हणूनच, निव्वळ म्हणूनच, तो आज दारात येऊन ते घेऊन जात होता. गंजू दिलं असतं तर तो आलाही नसता आणि हे ऐकावंही लागलं नसतं. दोन्हींपैकी कोणतं बरं, हे तिला ठरवता येईना.

"एक डाव सांगून तं जायचं," ती म्हणाली.

"तोंड नव्हतं सांगायले."

"हात तं होता. कार्ड लिहत होता तो."

त्यानं मान खाली घातली. तो म्हणाला, "याच्या पैशातलं तुह्या वाट्याचं मी..." तिनं नको म्हणून मान हलवली. "मंग कधी काही लागलं तं... मी कार्ड टाकीन."

"काय लिहान तुमी त्याच्यात?" सोजरानं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बाहेर हमालांचे आवाज आले तेव्हा इंद्रभान घाईघाईनं दाराकडे वळला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं, ते तिला पाठीवरूनसुद्धा दिसलं.

चार माणसांनी मशीन वाशांवर उचलून घेतलं. सोजरा अंगणात जाऊन उभी राहिली. ट्रकच्या केबिनचं दार उघडं होतं आणि पायरीवर ती पोरगी उभी होती. झोपून उठलेली, एक वेणी सुटलेली. कपाळ त्याचंच, भुवया त्याच्याच. हनुवटीवर खळी. पोरगी खाली उतरली, मशीन पाहायला पळत गेली, कुणी हात धरायच्या आत तिनं ग्रीस लागलेल्या पायावर दोन्ही तळवे ठेवले आणि मग ते काळे झालेले तळवे पाहून तोंड वाकडं केलं. आता ती फ्रॉकला पुसणार, हे सोजराला दिसलं.

"थांब," ती म्हणाली. "इकडं ये."

तिनं तिला ओट्यावर बसवलं. फडक्याला थोडं घासलेट लावून एकेक बोट पुसलं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांवरून. मग साबण लावून कोमट पाण्यानं धुतलं. हात फार लहान होते. ते ऊन होते आणि जरा चिकट होते. पोरगी मुकाट्यानं हात देऊन बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती.

"माह्या घरी भाऊ झाला," ती म्हणाली. "आई उठत नाई अजून. म्हनून मी बाबासंगं आली."

"असं का?"

"तू कोन हायेस?"

ट्रकवर इंद्रभान दोर आवळत होता. त्याचे हात थांबले. तो इकडे वळला नाही, पण त्याची मान ताठ झाली. सोजराला वाटलं, आता एक शब्द. आपण एक शब्द बोललो की तो या पोरीच्या डोक्यात कायमचा बसेल. मोठी होईपर्यंत ती तो शब्द आईला विचारील, बापाला विचारील. शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं लहानग्या तळव्यांवरचं पाणी पदरानं टिपलं. पोरीचं तोंड वर होतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही अशा जिवावर आपल्याकडलं हे ओतायचं कसं?

"मी ना," सोजरा म्हणाली, "ह्या मशीनले तेल लावत होती."

"अन् आता?"

"आता ते कडूबा लावतीन."

पोरीला ते पटलं. ती उडी मारून उतरली आणि ट्रककडे पळाली. इंद्रभाननं तिला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि मग एकदाच मागं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. ते पाहून सोजराला काहीच वाटलं नाही. इतके दिवस ज्या डोळ्यांची वाट पाहिली ते हेच, असं स्वतःला सांगूनही वाटलं नाही. कडूबानं दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. ट्रक सुरू झाला, मागे-पुढे होत गल्लीतून वळला, धूर थोडा वेळ राहिला आणि तोही गेला.

तानाबाई आपल्या दारातून सगळं पाहत होती. ती आली. नेहमीसारखी काहीतरी तिखट बोलायला आली असावी, पण जवळ आल्यावर तिनं ते सोडून दिलं. ती सोजराच्या शेजारी ओट्यावर बसली. समोर साबणाचं पाणी फरशीवरून वाहत वाहत मातीत मुरत होतं. कुठंतरी कुणाचा रेडिओ चालू होता. शेवटी तानाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हने व तो?"

तो काय काय म्हणाला ते सोजराला सगळं आठवत होतं, शब्दन् शब्द.

"पोरगी गोड हाये वो, तानाबाई," ती म्हणाली, "लई गोड पोरगी हाये," आणि मग तिला बसवेना. ती तानाबाईच्या मांडीवर कोसळली.